दोन रुपयांवर खिळे घासणारा मुलगा : निर्णयसागरचे जावजी दादाजी



या पानावर आपण बहुतेक वेळा संतांची, धर्मगुरूंची आणि मिशनऱ्यांची चरित्रे वाचतो. आजचा माणूस यांपैकी कोणीच नव्हता. तो ख्रिस्ती नव्हता, पंडित नव्हता, शाळाही त्याला फारशी लाभली नाही. तरीही मिस्साच्या वेळी आपण हातात धरतो ते गीतांचे पुस्तक, घरातले बायबल, शेजारच्या वारकऱ्याच्या घरातली पोथी आणि आपल्या पोराचे बालभारती या सगळ्यांतल्या छापील अक्षरामागे त्याच्या हाताचा काही ना काही वाटा आहे. जावजी दादाजी चौधरी हे त्याचे नाव. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचा तो संस्थापक. जुन्या पिढीतल्या शिक्षकांना निर्णयसागर म्हटले की पुरे, पुढे काही सांगावे लागत नाही. तरुणांसाठी मात्र थोडे मागून सुरुवात करणे आम्हाला योग्य वाटते.

आपल्या फादर स्टीफन्सची आठवण ठेवून सुरुवात करू. हा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि चाळीस वर्षे तिथेच राहून १६१९ मध्ये तिथेच वारला. त्याचे ख्रिस्तपुराण आपल्याला ठाऊक आहे. ओवीबद्ध मराठीतला हा मोठा ग्रंथ १६१६ मध्ये छापून निघाला. पण तो छापला गेला रोमन लिपीत. भाषा मराठी, अक्षर परदेशी. असे का झाले? गोव्यात छापखाना नव्हता असे नाही. हिंदुस्थानातला पहिला छापखाना गोव्यातच १५५६ मध्ये उतरला होता. खरे तर तो अॅबिसिनियाला जायचा होता, पण वाटेत गोव्यातच राहिला आणि बंधू हुआन दे बुस्तामांते या येशूसंघीयाने तो चालवला. १५७८ मध्ये कोल्लम इथे तमिळ लिपीतले पुस्तकही छापून झाले होते. मग मराठीलाच काय आडवे आले?

याचे उत्तर फादर स्टीफन्सनेच १६०८ मध्ये रोमला, संघाच्या प्रमुखाला लिहिलेल्या पत्रात दिले आहे. या प्रांतात इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तके छापलेली पाहावीत अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. अडचण साच्यांची होती. युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, आपल्या लिपीला सहाशे साचे लागतील असा हिशेब पडत होता. काटकसर करून ते दोनशेवर आणता येतील असे त्याला वाटत होते. तेही झाले नाही, आणि ती इच्छा मनात घेऊनच तो गेला.

सहाशे हा आकडा ऐकून नवल वाटेल, कारण शाळेत आपण बाराखडी शिकतो ती काही सहाशे अक्षरांची नसते. पण ‘ख्रिस्त’ हाच शब्द घ्या. यात ख आणि र यांचे जोडाक्षर, त्याला पहिली वेलांटी, मग अर्धा स आणि त. ‘प्रभू’ लिहिताना दीर्घ ऊकार खाली जातो. ‘धर्म’ आणि ‘स्वर्ग’ यांतला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. इंग्रजीत अक्षरे रांगेने शेजारी शेजारी उभी राहतात. आपली अक्षरे शेजारी, वर, खाली आणि एकमेकांच्या पोटात अशी चारी बाजूंनी बसतात. हाताने लिहिताना आपल्याला याचा त्रास जाणवत नाही. धातूच्या तुकड्यांत हेच बसवायचे म्हटले की प्रत्येक जोडाक्षराला वेगळा तुकडा लागतो, किंवा अक्षराचे वरचे, मधले आणि खालचे भाग वेगवेगळे पाडून तीन थर एकमेकांवर रचावे लागतात. वेलांटीचे आणि रफाराचे टोक शेजारच्या तुकड्यावर अधांतरी येते, ते जरा धक्का लागला की मोडते. मुंबईच्या छापखान्यांत हे काम ज्यांनी मार्गी लावले त्यांत जावजींचे नाव सर्वात पुढे घ्यावे लागते.

जावजींचा जन्म १८३९ सालचा, मुंबईतला. घर गरीब मराठा कुटुंबाचे. दहाव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. पगार महिना दोन रुपये. काम काय, तर टाइप घासणे.

इथे थोडे थांबून त्या छापखान्याविषयी सांगायला हवे. अमेरिकन मिशन हे प्रॉटेस्टंट मिशन, आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हे. मुंबईत त्यांचे मराठी छपाईचे काम १८१७ पासून सुरू झाले आणि १८२६ मध्ये त्यांनी मराठी नवा करार छापून काढला. सुरुवातीला त्यांच्याकडे कलकत्त्याकडून आणलेले टाइप होते. ते ओबडधोबड आणि मोठे. एवढ्या मोठ्या अक्षरात बायबल छापायचे तर पुस्तक उचलायला दोन माणसे लागावीत! लहान, सुबक आणि तरीही डोळ्यांना स्वच्छ दिसणारे अक्षर त्यांना हवे होते, कारण अक्षर लहान झाले की कागद वाचतो आणि पुस्तक गरिबाच्या खिशाला परवडते. म्हणून त्यांनी आपल्या छापखान्यातच टाइप पाडण्याचा कारखाना काढला. तिथे टॉमस ग्रॅहम हा कसबी माणूस होता. मराठी आणि गुजराती अक्षरांचे ठसे कोरण्यात त्याचा हात धरणारा त्या काळात मुंबईत दुसरा कोणी नव्हता. दहा वर्षांचा जावजी पोचला तो या ग्रॅहमच्या हाताखाली.

टाइप, म्हणजे आपल्या छापखान्यांच्या भाषेत खिळा, कसा तयार होतो हे ठाऊक असेल तर ‘घासणे’ म्हणजे काय ते कळेल. आधी पोलादाच्या लहान दांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरतात. हा पंच. भिंगातून पाहत, कानशीने केसाएवढा भाग कमी करत एकेक पंच कोरायला कितीतरी तास जातात, आणि एक घाव चुकला की दांडी फुकट. पंचाला पाणी देऊन तो कडक करतात आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. तांब्यात अक्षराचा खळगा उमटतो, त्याला मातृका म्हणतात. मातृका हातसाच्याच्या तळाशी बसवून वरून वितळलेला धातू ओततात. त्यात शिसे मुख्य, कडकपणासाठी अँटिमनी आणि थोडे कथील. धातू थिजला की खिळा बाहेर पडतो. पण तो लगेच कामाचा नसतो. त्याच्या बुडाशी ओतताना राहिलेली शेपटी असते, कडांना पातळ चिरा सुटलेल्या असतात. त्या मोडून, प्रत्येक बाजू दगडावर घासून, सगळे खिळे एका उंचीचे आणि एका जाडीचे करावे लागतात. एखादा खिळा केसाएवढा उंच राहिला तर छापताना तोच कागद फाडतो. बुटका राहिला तर त्याचे अक्षर उमटतच नाही.

हे काम लहान मुलांना देत, कारण बोटे बारीक आणि मजुरी कमी. दिवसभर शिशाच्या धुळीत बसून हजारो खिळे घासायचे. आज दहा वर्षांच्या मुलाला कारखान्यात ठेवणे हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. जावजींच्या यशाची गोष्ट सांगताना त्या दोन रुपयांचे कौतुक करणे आम्हाला बरे वाटत नाही. त्याच दगडावर आणखी किती मुलांनी बोटे झिजवली असतील, आणि त्यांची नावे कोणत्याही चरित्रात आली नाहीत. आपल्या कळमनुरी, सेनगाव, औंढा भागातून ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आजही मुले जातात आणि त्यांची शाळा सुटते, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना सांगायला नको.

पण जावजीने त्या दगडावर बसून एक गोष्ट मिळवली. ज्याच्या हाताखालून रोज हजारो खिळे जातात त्याला चांगला खिळा आणि वाईट खिळा डोळे मिटून ओळखता येतो. धातूचे मिश्रण बिघडले की खिळा हाताला कसा लागतो, मातृका झिजली की अक्षराची कड कशी बोथट होते, ओतणाऱ्याने घाई केली की पोटात पोकळी कशी राहते, हे त्याला पुस्तकातून नाही, बोटांतून कळले. घासण्यावरून तो ओतण्याकडे आणि कारखान्यातल्या इतर कामांकडे सरकला. त्या काळी मुंबईत मुद्रणाची शाळा नव्हती, परीक्षा नव्हती, दाखला नव्हता. मिशनचा छापखाना हीच शाळा, ग्रॅहम हाच मास्तर, आणि खिळा एका उंचीचा उतरला की तोच उत्तीर्णाचा शिक्का. धर्मप्रसारासाठी उघडलेल्या जागेतून एक हिंदू मुलगा कारागीर होऊन बाहेर पडला, आणि पुढे त्याने त्या कसबाचा उपयोग मुख्यतः संस्कृत ग्रंथ छापण्यासाठी केला. मिशनच्या मंडळींनी हे योजले नसणार. आम्हाला मात्र यात कमीपणाचे काही दिसत नाही. मास्तराने कसब शिकवले की त्याचे पुढे काय करायचे हे शिष्याच्या हाती असते.

मिशनच्या छापखान्याचा असा परिणाम झालेला जावजी हा पहिलाच माणूस नव्हे. त्यांच्या आधी गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातल्या माणसाने मिशनची छपाई पाहून स्वतःचा छापखाना उभारला, लाकडाचे यंत्र करून, दगड आणि शाई स्वतः सिद्ध करून शिळेवर छापले, आणि १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग लोकांच्या हाती दिले. तेव्हा पुष्कळ जुन्या मंडळींना छापील कागदाचा विटाळ वाटे, कारण शाईत चरबी असते असा बोलबाला होता. धर्मग्रंथांसाठी चरबीऐवजी तूप घालून शाई केली असे सांगतात. तुपाच्या शाईने का होईना, कागद देवघरात शिरला. ध्यानात घेण्याजोगी बाब ही की ज्या हातांनी मराठी आणि संस्कृत ग्रंथांना छापील रूप दिले ते हात भंडाऱ्याचे आणि मराठ्याचे होते. त्यांतले बरेचसे ग्रंथ वाचण्याचा अधिकार त्या काळच्या रूढीने त्यांना दिलेला नव्हता.

मिशननंतर जावजींनी ‘इंदुप्रकाश’सारख्या मुंबईच्या छापखान्यांत काम केले. ‘इंदुप्रकाश’ हे पत्र १८६२ मध्ये निघाले. सरकारच्या आश्रयाने तुकारामबुवांच्या अभंगांची गाथा शोधून, ताडून जी छापली गेली ती याच छापखान्यात, १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत. म्हणजे ज्या मंडळींमध्ये जावजी वावरत होते ती मराठीचा जुना ठेवा छापून वाचवणारी मंडळी होती. पगारही वाढत गेला होता. इथेच दुसरा कोणी असता तर चांगला कारागीर म्हणून नोकरीत राहिला असता आणि सुखाने म्हातारा झाला असता.

१८६४ मध्ये, पंचविशीत, जावजींनी नोकरी सोडून स्वतःचा टाइप पाडण्याचा कारखाना काढला. साल पाहा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद पडल्याने इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैशाचा पूर वाहत होता. शेअरच्या कागदांवर लोक रातोरात श्रीमंत होत होते. वर्षभरात, १८६५ मध्ये, युद्ध संपले, भाव कोसळले आणि बड्या बड्या पेढ्या बुडाल्या. त्या वावटळीत शिसे वितळवून खिळे पाडणारा एक लहान कारखाना तग धरून राहिला. त्याचे कारण आम्हाला असे दिसते की त्याच्या मालाला खरी गरज होती. विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले होते, सरकारी मराठी शाळा गावोगाव निघत होत्या, क्रमिक पुस्तके लागत होती, वर्तमानपत्रे वाढत होती. शेअरचा कागद बुडाला तरी बाराखडीचा कागद लागतच होता.

या कारखान्यात जावजींना जोडीला लाभले राणोजी रावजी आरू. राणोजी अक्षर कोरण्यात अत्यंत कुशल. जावजींची नजर आणि व्यवहार, राणोजींची कानस आणि कोरणी असे हे जुळले. निर्णयसागरी अक्षराचे जे वळण पुढे देशभर नावाजले गेले, भरदार पण जड नव्हे, गोलाई राखलेले, जोडाक्षरात न गुदमरणारे, त्यात राणोजींच्या हाताचा मोठा भाग आहे. छापखान्याच्या पाटीवर मालकाचे नाव असते, पंच कोरणाऱ्याचे नाव पुस्तकाच्या कोणत्याच पानावर नसते. राणोजींचे नाव निदान छपाईच्या इतिहासात टिकून राहिले, हे विशेष.

पाच वर्षे टाइप विकल्यावर १८६९ मध्ये जावजींनी स्वतःचा छापखाना काढला. तो निर्णयसागर. टाइप पाडणारा स्वतःच छापू लागला याचा फायदा मोठा होता. इतर छापखान्यांना टाइप विकत घ्यावा लागे, म्हणून झिजला तरी ते तोच वर्षानुवर्षे चालवत. त्यामुळे अक्षरे तुटकी येत, मात्रा गळत. जावजींच्या घरी भट्टी होती. खिळा झिजला की वितळवायचा आणि नवा पाडायचा. निर्णयसागरचे पुस्तक जुने झाले तरी त्यातले अक्षर कालच छापल्यासारखे दिसते, त्याचे एक कारण हे.

दुसरे कारण शुद्धता. संस्कृतात एक मात्रा इकडची तिकडे झाली की अर्थाचा अनर्थ होतो. जावजींना स्वतःला संस्कृताचे पांडित्य नव्हते. म्हणून त्यांनी ज्यांना ते होते त्यांना पदरी ठेवले. काशीनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे विद्वान छापखान्यात बसून हस्तलिखिते ताडून पाहत आणि मुद्रिते तपासत. कालिदासाची काव्ये आणि नाटके, त्यांवरच्या जुन्या टीका, व्याकरण, वैद्यक, धर्मशास्त्र असे ग्रंथ तिथून एकामागून एक निघू लागले. १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि परब यांनी ती संपादली. कुणाच्या घरी लाल फडक्यात बांधून ठेवलेली, वाळवीच्या तोंडी चाललेली संस्कृत काव्ये हुडकून ती मासिकाच्या रूपाने छापायची अशी ही योजना. त्यातले कितीतरी ग्रंथ त्याआधी कधी छापलेच गेले नव्हते. आज कोणाला त्यांचा अभ्यास करायचा तर काव्यमालेची प्रतच उघडावी लागते. युरोपातल्या विद्यापीठांतले संस्कृतचे पंडितही मुंबईहून हीच पुस्तके मागवत.

मुलांनाही जावजी विसरले नाहीत. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक काढले ते निर्णयसागरमध्येच छापले जाई. सोप्या मराठीत थोर माणसांची चरित्रे, सृष्टीची माहिती आणि कविता त्यात येत. जुन्या मराठी कवींच्या रचनाही या छापखान्याने ‘काव्यसंग्रहा’तून लोकांपुढे आणल्या. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव सातशे वर्षांपूर्वी गाऊन गेले. त्यांचे अभंग कीर्तनकारांच्या कंठात राहिले आणि वह्यांतून उतरत आले. एका वहीवरून दुसरी उतरताना एखादा शब्द बदलतो, एखादी ओळ सुटते. छापील अक्षर आले आणि हजार घरांत एकच पाठ पोचू लागला. हे काम एकट्या जावजींचे नव्हते, पण त्यांच्या भट्टीतून निघालेले खिळे मुंबईबाहेरचे छापखानेही विकत घेत, त्यामुळे त्यांचे अक्षर त्यांच्या स्वतःच्या पुस्तकांपेक्षा फार दूरवर गेले. गुजराती टाइपही ते पाडत.

जावजींनी शाळा काढली नाही, हे खरे.  पण निर्णयसागर हीच एक शाळा होती. घासणारा, ओतणारा, पंच कोरणारा, खिळे जुळवणारा जुळारी, फर्मा बांधणारा, यंत्र चालवणारा, मुद्रिते तपासणारा शास्त्री, बांधणी करणारा, एवढे सगळे कसब एका छताखाली. नवा मुलगा आला की तो आधी केस पाठ करायचा. केस म्हणजे खिळ्यांची लाकडी पेटी, तिला शेकडो खण, आणि कोणत्या खणात कोणते अक्षर हे न पाहता हाताला यावे लागे. शिवाय खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, म्हणजे जुळाऱ्याला उलटे वाचता आले पाहिजे. पुढे ज्याला नुसते जुळवता येई तो जुळारी राही, ज्याला अक्षराचा डोळा असे तो आत, पंचाकडे जाई. ग्रॅहमकडून जावजींकडे जे आले ते असे हातातून हाताकडे पुढे गेले.

आपल्या भागातल्या आयटीआयमध्ये वेल्डर किंवा फिटरचा ट्रेड घेणाऱ्या मुलांना घरचे लोक कधी कधी ‘अभ्यासात कच्चा म्हणून तिकडे घातला’ असे म्हणतात. हे बोलणे आम्हाला खटकते, ते एवढ्याचसाठी इथे लिहितो. निर्णयसागरच्या शास्त्र्याला पाणिनी पाठ होता, पण ‘ष्ट्र’ हे जोडाक्षर एका खिळ्यात कसे बसवावे हे त्याला आले नसते. ते राणोजींना येत होते. दोघांपैकी एक नसता तर पान छापून निघाले नसते.

१८९२ मध्ये जावजी वारले. वय पन्नाशी ओलांडून थोडेच पुढे गेलेले. काव्यमालेचे पंडित दुर्गाप्रसादही त्याच वर्षी गेले. छापखाना मात्र थांबला नाही. मुलगा तुकाराम जावजी याने तो पुढे चालवला, आणि कोलभाट गल्लीतल्या निर्णयसागरचे नाव आणखी वाढले. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर आणि नारायण राम आचार्य यांच्यासारख्या संपादकांची परंपरा तिथे पुढची कितीतरी वर्षे टिकली. पुस्तकांच्या पहिल्या पानावर प्रकाशकाचे नाव तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी, आणि १९४० नंतरच्या पुस्तकांवर सत्यभामाबाई पांडुरंग असे येते. एका बाईचे नाव त्या काळी संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठावर प्रकाशक म्हणून छापले जाई, हे आमच्या वाचक भगिनींनी जरूर ध्यानात घ्यावे.

फादर स्टीफन्सच्या त्या इच्छेचे काय झाले, तेही सांगायला हवे. ख्रिस्तपुराणाच्या पुढच्या आवृत्त्याही रोमन लिपीतच निघाल्या. १९०७ मध्ये मंगळूरला निघालेली आवृत्तीसुद्धा रोमनच, जरी तेव्हा निर्णयसागरसारख्या छापखान्यांत नागरी खिळ्यांची वाण नव्हती. पुण्याला शांताराम बंडेलू यांनी ते नागरीत आणले तेव्हा १९५६ साल उजाडले होते. म्हणजे पहिल्या छपाईनंतर तीनशे चाळीस वर्षांनी मराठी वाचकाला आपला हा ग्रंथ आपल्या अक्षरात वाचायला मिळाला. साचे तयार झाले होते, पण कोणीतरी उठून ते काम हाती घ्यावे लागते.

खिळ्यांचे दिवस आता संपले. गेल्या शतकाच्या शेवटी संगणक आला, आणि केस, फर्मा, गॅली हे शब्द म्हाताऱ्या जुळाऱ्यांपुरते उरले. हिंगोलीत लग्नपत्रिका छापणारा तरुण आज कळफलकावर ‘ख्र’ टाइप करतो आणि अक्षर आपोआप जुळते. त्या संगणकातल्या अक्षराचे वळण ठरवणारे कलाकार मात्र अजूनही निर्णयसागरची जुनी पुस्तके काढून भिंगाखाली धरतात, वेलांटी कुठे वळवली, रफार किती पुढे आणला, ते पाहतात. जुन्या छापखान्यांतले खिळे बहुतेक ठिकाणी वजनावर विकले गेले. भंगारवाल्याने ते वितळवले, आणि शिशाचे पुन्हा शिसे झाले.